गादीवाल्या चाचांची हजची तयारी

आराम या विषयात आमच्या गादीवाल्या चाचांचा हात धरणारा माणूस अख्ख्या राजुऱ्यात सापडला नसता. माझ्या घराला लागूनच त्यांचं घर आणि दुकान. कापूस पिंजायचा, गादी भरायची, टाके घालायचे आणि ती नीट झाली का हे पाहायला स्वतः तिच्यावर आडवं व्हायचं. ही शेवटची पायरी कधी कधी दुपारभर चाले. गिऱ्हाईक आलं तर पडल्या पडल्याच सांगत, "थांब भाऊ, मी गॅरंटी पाहून राह्यलो." कोपऱ्यावरच्या मशिदीतसुद्धा स्कूटर काढून जाणार. उठत ते फक्त भांडायला. कोळशाचा ट्रक धूळ उडवत गेला आणि पांढऱ्या कापसावर काळं बसलं की चाचा रस्त्याच्या मधोमध उभे! मग पुढचे चार ट्रकही खोळंबत.

अशा माणसाचा हजला नंबर लागला, चाचींसकट. तिथं खूप चालावं लागतं असं कुणीतरी सांगितलं आणि चाचांनी शरीर कमवायला घेतलं.

एका सकाळी पाहतो तर चाचा अंगणात खडीवर झोपलेले. घरात गाद्यांची थप्पी छताला टेकलेली आणि हे खडीवर! मी घाबरून कुंपणाशी गेलो. "काय झालं चाचा? चाचींनी घराबाहेर काढलं का?"

"नाई भाऊ. तिथी एक रात उघड्यावर झोपा लागते. गादी नाई, उशी नाई. आतापासून पाठीले सवय लावून राह्यलो."

त्या दिवसापासून माझं कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. चाचा आज काय करतात, हे पाहिल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे. हजला पुरुष न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं नेसतात. ती सुटू नयेत म्हणून चाचा दोन चादरी गुंडाळून अंगणात उठाबशा काढत. त्या वस्त्रांत असताना जीव मारू नये, म्हणून संध्याकाळी डासांना हात न लावता बसत. डास पोटभर जेवून उडून गेला की म्हणत, "जा बेटा." भांडणही तिथं चालत नाही. ट्रक आला की चाचा डोळे मिटून ओठ आवळत; चेहरा मात्र टोमॅटोसारखा लाल.

काबाभोवतीच्या फेऱ्यांसाठी त्यांनी गावची पाण्याची टाकी निवडली. टाकी डाव्या हाताला ठेवून पहाटे अनवाणी फिरायचं. तिथं एक रिटायर्ड गुरुजी उलट्या दिशेनं फिरत. दर फेरीत दोघं समोरासमोर येत आणि दर फेरीत चाचा बाजूला होत. उन्हाची चिंता त्यांना नव्हती. "तिथलं ऊन आपल्या मे महिन्याले काय भारी पडन?" चाचींना ते रोज फिरायला बोलवत. त्या हसून म्हणत, "मी तर चुलीपासून नळापर्यंत जन्मभर चालूनच राह्यली."

आणि निघायला थोडे दिवस उरले असताना टाकीपाशी चाचांच्या टाचेत काच घुसली. पाय सुजला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. मी भेटायला गेलो तर चाचा गादीवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. "भाऊ, इतके वर्ष पडून होतो तेव्हा काई झालं नाई," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीपाशी चाची दिसल्या. बुरखा सावरत, झपाझप चालत होत्या. मी थांबलो तशा म्हणाल्या, "याईचा पाय तिथी नाई चालला, तर कोणीतरी धराले पाह्यजे ना?"

टाचेची जखम तशी भरून आली. चाचा किंचित लंगडत गेले आणि हज करून परतले. मोहल्ल्यानं हार घातले. गर्दी ओसरल्यावर मी दुकानात जाऊन बसलो. त्यांनी मला खजूर दिला, मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी दिलं. महिनाभर साठवलेला प्रश्न मी विचारला, "चाचा, तयारी कामाला आली का?"

"पाय चालले भाऊ. पाठीनंही साथ देली. पण काबा समोर दिसला अन् रडूच थांबेना. डोळ्याले काई दिसेना. तुमच्या चाचीनं हात धरून फेऱ्या करवल्या. सगळ्याची तयारी केली होती. रडू येते, हे कोणी सांगितलंच नाई."

"पण चाचा, काय वाटलं नेमकं तेव्हा?"

चाचांनी आणखी एक खजूर माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. बराच वेळ त्यांचा हात तसाच होता.