हाताचा क्लच

मंजुळाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. "आत्या गेली... तू घरी ये," आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले. पुण्याला न जाता मी कासुर्डीची एसटी धरली.

आत्या आबांची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय वाळला. लग्न जमलं नाही. आजोबांनी जाण्याआधी विहिरीलगतचा तुकडा तिच्या नावे केला. तो वाट्यानं द्यावा, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. ती म्हणाली, मीच कसणार. आजोबांचा जुना ट्रॅक्टर गोठ्यामागं पडून होता. आबांनी भंगारवाला बोलावला, तशी आत्या काठी टेकत पुढं झाली.

"ह्यो मला पायजे, दादा."

"पायात जोर न्हाई. क्लच कसा दाबशील?"

"ह्याला क्लच हाताचा हाय. हात धड हायेत माझं."

सीटशेजारी लांब दांडा होता, तोच क्लच. असा का, हे मी तिला एकदा विचारलं होतं. पूर्वी ट्रॅक्टरला पट्टा लावून मळणीयंत्र फिरवत. पायाचा क्लच पाय उचलला की पुन्हा धरतो. हा मागं ओढला की सुटलेलाच राहतो. त्यामुळं खाली उभं राहूनही यंत्र थांबवता यायचं, एकट्यानं नांगर जोडता यायचा... "लंगडीसाठी न्हाई केला कुणी," ती हसली, "पर मला बराबर बसला."

पहिल्या नांगरटीला बांधावर माणसं जमली. तास वाकडे गेले, ट्रॅक्टर सारखा बंद पडला. दर वेळी ती उतरली, हँडल मारलं, पुन्हा चढली. दिवस कलताना आबाच चहाची किटली घेऊन शेतात गेले. पुढं वर्षानुवर्षं तिनं तिथं ऊस केला, कांदा केला, कुणाला विचारायला गेली नाही.

आत्याला जाऊन आता काही आठवडे झालेत. गुडघे गेल्यापासून आबांनी नांगरट सोडली होती. परवा सकाळी इंजिनाचा आवाज आला म्हणून मी विहिरीकडं गेले, तर ते आत्याच्या ट्रॅक्टरवर बसून तिचा तुकडा नांगरत होते. मला बघून त्यांनी दांडा मागं ओढला.

"आबा, ड्रायव्हर बोलावू का?"

"तिनं कवा बोलावला व्हता?" ते म्हणाले, आणि दांडा पुढं ढकलला.