स्वयंपाकघरातला पायगुण

ऐंशीच्या दशकात मी ओहायोत पीएचडी करत होते, तेव्हा आमच्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची टीम हरण्यात पटाईत होती. दर शनिवारी पुण्या-मुंबईची चार पोरं, सगळी माझ्यासारखीच पीएचडीवाली, एका अपार्टमेंटमध्ये मॅच बघायला जमायची. मीही जायचे.

सीझनच्या पहिल्याच मॅचला मी कुकर बंद करायला आत गेले आणि नेमका तेव्हाच आमच्या टीमने टचडाउन केला, म्हणजे त्यांच्यातला गोलच. झालं! "तू आतच थांब, हलू नकोस!" बाहेरून एकच गिल्ला. क्रिकेट बघताना जागा सोडायची नाही, हा धर्म ही मंडळी सातासमुद्रापार घेऊन आली होती. फक्त जागा वाटताना त्यांच्या वाट्याला सोफा आला आणि माझ्या वाट्याला ओटा.

मग दर शनिवारी मी आत आणि टीम खड्ड्यात. तरी यांचं म्हणणं, मी बाहेर असते तर याहून वाईट हरलो असतो. आत आहेच तर भात, आमटी, बटाट्याची भाजीही माझ्याच गळ्यात पडली. टीम उपाशी हरली असेल, हे मात्र पोटभर जेवून हरायचे.

शेवटच्या मॅचला माझं डोकं फिरलं. मी सरळ सोफ्यावर जाऊन मांडी ठोकून बसले. आणि त्या दिवशी आमची टीम सीझनमध्ये पहिल्यांदाच जिंकली.

मी चौघांकडे पाहिलं. त्यातला स्टॅटिस्टिक्सवाला शांतपणे चष्मा पुसत म्हणाला, "एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही, यार. भात लावलास का?"