डोंगर राहिला की, काका!

हैदराबादेत गाड्या चालवणारे लाखो असतील, पण माणसाला खरोखर फिरवून आणणारे एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका, हे मी चिक्कडपल्लीच्या भर बाजारात छाती पुढे काढून सांगेन. सगळी नोकरी त्यांनी बस चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर छोटी जुनी गाडी घेतली आणि रविवारी लोकांना रानं-तळी दाखवायला न्यायला लागले. एका वेळी तिघेच. चौथा माणूस आला की सहलीची वरात होते, असं त्यांचं ठाम मत. आदल्या संध्याकाळी ते प्रवाशांच्या घरी चहाला जातात आणि मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारतात. ऊन सोसतं का, गाडी लागते का, गप्प बसलेलं आवडतं का. एका बँकवाल्या साहेबांनी उलट विचारलं, "किती पॉइंट दाखवणार?" काका अर्धा चहा ठेवून उठले. "पॉइंट मोजायचे तर मोठी बस पकडा साहेब. तिथं शिट्टी मारून माणसंसुद्धा मोजतात!"

गेल्या हिवाळ्यात माझी आई गावी परत जायला निघाली. देगलूरकडच्या आमच्या गावात आता तिचं कुणी उरलं नाही, म्हणून मी तिला इथं आणलं होतं. पण "समोर भिंत, खाली डांबर, इथं माझं काय काम?" हे तिचं पालुपद. मी हात जोडले तरी ऐकेना. तेव्हा काका चहाला आले आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, गावाकडं आता काय चालू असेल?"

"कापूस फुटला असेल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या सहलीला मी अनंतगिरीचे डोंगर ठरवले होते. विकाराबादच्या अलीकडेच काकांनी गाडी उभी केली. रस्त्याकडेच्या रानात बायका कापूस वेचत होत्या. आई उतरली, पदराची ओटी बांधून सरळ त्यांच्या ओळीत शिरली. तिला तेलुगू येत नाही, त्यांना मराठी. तरी हसणं पार रस्त्यापर्यंत येत होतं. याच कामावर तिनं मला घराण्यातला पहिला पदवीधर केलं. बघता बघता दुपार कलली.

"डोंगर राहिला की, काका!"

"डोंगर कुठं पळतो मियाँ? वहिनी पोचल्या ना? बस!"

घरी आल्यावर आईनं जायचा विषय काढला नाही, आजतागायत काढलेला नाही. आता दर रविवारी पुढची सीट तिची. मला मात्र काका नेत नाहीत. म्हणतात, "तू सारखा घड्याळ बघतो, नक्को." परवा परत आल्यावर त्यांनी सांगितलं, वहिनी लहानपणी विहिरीत उडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायच्या. मी आईकडं बघितलं. ती लाजून भाजी निवडत होती. तिच्या हातच्या भाकरीवर मी एवढा मोठा झालो, आणि तिला पोहता येतं हे मला परवा कळलं.