मामाच्या वाट्याचं पाणी

फोन समोरच्या वकिलांकडे आला, कारण आमच्याकडे फोन नाही. दुपारी मी निरोप घेऊन रस्ता ओलांडला तेव्हा आई ओट्यापाशी मामाचा गडवा भरत होती. स्टीलचा छोटा गडवा, आतल्या बाजूला माझ्या नेलपॉलिशने ओढलेली लाल रेघ. त्या रेघेपर्यंतचं पाणी म्हणजे डॉक्टरांनी मामाला दिवसभरासाठी ठरवून दिलेलं पाणी. नागपूरहून परतला की आल्या आल्या तो एक घोट घ्यायचा, म्हणून त्या दिवशी ती आधीच भरून ठेवत होती. माझ्याकडे न बघता तिने रेघेपर्यंत पाणी आणलं, गडवा खाली ठेवला आणि मग विचारलं, "कोनाचा फोन होता?"

मी सांगू शकले नाही. तिने पदराने गडव्याचा काठ पुसला.

मामा अहेरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे कोरपन्याला कापूस वेचायला जाताना आई त्याला कडेवर घेऊन जायची. तो तिला 'बाई' म्हणायचा. मोठ्या बहिणीला आमच्याकडे तसंच म्हणतात, पण त्याच्या तोंडी त्या शब्दात थोडी आईही असायची. मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळल्यावर बाबा त्याला चंद्रपूरला आमच्या घरी घेऊन आले. रक्त धुण्याचं मशीन फक्त नागपूरला होतं. आठवड्यातून दोनदा बाबा आणि तो पहाटेच्या एसटीने जात आणि रात्री परतत. तो पहिल्यांदा मशीनवरून आला तेव्हा दमलेला असेल असं आम्हाला वाटलं होतं. तो मात्र उत्साहाने फुलून आला होता. "पोरी, माहं रक्त माह्या बाहेर गेलं, नळीतून फिरून वापस आलं. अन् मी तितंच होतो, पेपर वाचत. मंग सांग, मी रक्तात नाई. मंग मी कुठी आहो?"

या प्रश्नाने त्याला पुढे कधी सोडलं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून इंग्रजी विज्ञान मासिकं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. परदेशातले काही लोक म्हणत होते की पुढे कधीतरी माणसाचं मन जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये ठेवता येईल आणि मग त्याला हवं तर यंत्राचं शरीर देता येईल. कॉम्प्युटर आमच्यापैकी फक्त मामाने पाहिला होता, नागपूरच्या एका ऑफिसात, काचेपलीकडून. "थंड खोलीत ठेवते त्याले. चपला बाहेर काढा लागते, विहारात जातानी काढतो तशा," तो म्हणाला. मग त्याने अहेरीहून आपला टेपरेकॉर्डर मागवून घेतला. कॉम्प्युटर येईपर्यंत निदान कच्चा माल तयार असावा, असं त्याचं म्हणणं. मी प्रश्न विचारायचे आणि तो बोलायचा. लहानपणाचे वास, मुलांची नावं, प्राणहितेच्या पुराची भीती. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. पण रेकॉर्डिंगच्या त्या लाल दिव्यासमोर मी मामाला काहीही विचारू शकायचे.

बाबांना हे पटत नव्हतं. एकदा जेवताना ते म्हणाले, "मास्तर, बुद्धानं सांगतलं आत्मा नाई. अन् तू पट्टीवर काय भरून राह्यला?"

"आत्मा नाई म्हणूनच तर जमते भाऊजी. आत्मा असता तर तो कुठी पकडाचा? मी निव्वळ सवयींचं गाठोडं आहो. गाठोडं उचलून दुसरीकडे ठेवता येते."

आई वाढता वाढता थांबली. "तू आत घावत नाई, तर मंग रातच्याले भेऊन उठते तो कोन?"

मामाने भाताचं शीत बोटाने बाजूला केलं. "तोच मी, बाई. त्या भेनाऱ्याले बी टेपमधी टाकाचा हाय."

एव्हाना आईने आपलं मूत्रपिंड द्यायचं ठरवलं होतं. रक्तगट जुळत होता, डॉक्टर प्राथमिक तपासणी करून 'होऊ शकेल' म्हणाले होते. मामा ऐकत नव्हता. जो माणूस उद्या लोखंडाचं शरीर घालायला तयार होता, तो बहिणीचा मुठीएवढा भाग घ्यायला तयार नव्हता. आमच्या घरात त्या दिवसांत भांडी आपटली जायची आणि मी मधल्या खोलीत पुस्तक उलटं धरून बसलेली असायचे. आई म्हणायची, "डॉक्टर सांगते, एकावर मानूस जगते." मामा म्हणायचा, "मंग दुसरं काऊन देलं? मशीन बिघडलं तर दुसरं आनता येते. तुह्यं एक काढलं अन् उरलेलं बिघडलं, तर तुले कोन देईन?"

"माह्या कडेवर वाढला तू. तवा नाई लाजला?"

"तवा मले विचारलं कोनी?"

राखीच्या दिवशी जे झालं ते मी अजून विसरू शकत नाही. आमच्या घरात छप्पन्न सालानंतर राखी नाही. दीक्षेबरोबर जे सोडलं त्यात ती गेली, आणि आईला मी कधी त्याबद्दल हळहळतानाही पाहिलं नव्हतं. त्या सकाळी ती बाजारातून पिवळ्या गोंड्याची राखी घेऊन आली आणि मामासमोर पाटावर बसली. बाबा पेपर खाली ठेवून बघतच राहिले.

"बाई, आपन हे सोडलं ना?"

"सोडलं होतं. आज धरते. हात आन."

राखीसाठी त्याने उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला. तो डावखुरा होता, म्हणून मशीनसाठी उजव्या हातातल्या शिरा जोडल्या होत्या. त्या हाताला घड्याळही बांधायचं नव्हतं. त्याने डावा हात दिला. आईने गाठ मारली, एकदा, पुन्हा एकदा, आणि म्हणाली, "आता ओवाळनी मागते. मी देते ते घे. हेच माह्यं मागनं."

पंखा फिरत होता. मामा त्या गोंड्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, तो 'हो' म्हणणार... तो उठला, टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा डबा घेऊन आला आणि आईच्या मांडीवर ठेवला. "हे घे. यात मी आहो. जेवढा जमला तेवढा."

"मले बोलनारी पेटी नको रे," आई म्हणाली. "मले तू पाह्यजे." पण तिने पेटी खालीही ठेवली नाही.

त्याने राखी काढली नाही. गोंडा झडला, दोरा काळा पडला, तरी तो हातात होता. त्याने होकारही दिला नाही. यंत्राच्या शरीराचा त्याचा हट्ट मला तेव्हा मरणाच्या भीतीतून आलेला वाटायचा, आणि भीती होतीच. पण आता वाटतं, कोणाच्याही अंगातून काही न घेता जगता यावं, एवढंच त्याला हवं होतं. अहेरीच्या पुढे एका गावाच्या कडेला मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले दगड त्याने मला दाखवले होते. त्या गावातले त्याचे विद्यार्थी जाता-येता त्या दगडांशी बोलायचे. "हे बी टेपच होय," तो म्हणाला होता, "फक्त आवाज आपन लावाचा."

तो मशीनवर असतानाच गेला. हृदय थांबलं. बाबा शेजारी होते; वकिलांकडचा फोन त्यांचाच होता. ते एवढंच म्हणाले, "नळीत रक्त फिरत होतं थोडा वेळ. मास्तर नव्हता."

आईने कॅसेटला हात लावला नव्हता. मागच्या आठवड्यात ती बाहेर गेली असं समजून मी एक लावली. मामा बोलत होता, पण मला शब्दांआधी ऐकू आलं ते त्याचं कोरडं तोंड. जीभ टाळूला चिकटून सुटण्याचा बारीक आवाज, प्रत्येक वाक्याला. समोर बसून मी तो कधीच ऐकला नव्हता. मागे वळले तर आई दारात उभी. मी बंद करायला गेले. तिने हातानेच नको म्हटलं. थोडा वेळ ऐकलं, आत गेली, आणि गडवा रेघेपर्यंत भरून टेपरेकॉर्डरपुढे आणून ठेवला.

तेव्हापासून ती रोज सकाळी तो भरते. सध्या चंद्रपूर भाजून निघतंय, कूलरही गरम वारा टाकतो. संध्याकाळी ती गडव्यात वाकून बघते. पाणी रेघेच्या खाली गेलेलं असतं, नखभर. ती गडवा पुन्हा टेपरेकॉर्डरपुढे सरकवते. मी विज्ञान शिकले आहे, उन्हाने पाण्याचं काय होतं ते मला माहीत आहे. ते मी तिला सांगत नाही.