गाणं चालू असेपर्यंत

मक्याला कणसं धरली की रानडुकरं येतात, म्हणून आम्ही रात्रभर शेतात स्पीकर लावून ठेवतो. आमचं घरही शेतातच. अंबाजोगाईला शिकणाऱ्या माझ्या भाचीनं मागं त्यासाठी एक गाणं मेमरी कार्डात भरून दिलं. कुठल्याशा परदेशी बाईचं डिस्को गाणं; खाली ढोलकीसारखा ठेका आणि मधेच तुताऱ्यांचा कल्ला. "आत्या, हे लॅटिन हाय, लई भारी!" म्हणाली. भाषा ना मला कळायची, ना डुकरांना. पण ती बाई अशा काही उमेदीनं ओरडायची की डुकरं बांधाच्या पलीकडेच थांबायची.

एकच गाणं, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला मी त्या बाईला मनसोक्त शिव्या घातल्या. दिवसभर खुरपून कंबर मोडलेल्या बाईला कसला आलाय डिस्को? मग सवय झाली. गाणं ऐकू येतंय तोवर पीक सुखरूप, म्हणून तोवर बिनघोर झोप लागायची. ते थांबलं म्हणजे बॅटरी उतरली. मग काठी उचलून रानात पळायचं.

परवा नेकनूरला त्याच भाचीची हळद होती. भर दुपारी डीजेवाल्यानं नेमकं तेच गाणं लावलं. सगळ्या बाया नाचायला उठल्या. भाची मलाही ओढायला आली म्हणे, पण त्या दणदणाटात मी खुर्चीतच गाढ झोपले होते.

गाणं संपलं तशी मी ताडकन उठले आणि भर मांडवात काठी शोधायला लागले.