पन्हळीतला पाला

आज गच्चीचा पाइप तुंबला म्हणून त्यातला कुजका पाला हातानेच उपसला. तो आंबूस वास बोटांना लागला आणि मला तापीकाठचा राजघाट आठवला.

इंग्रजांचं राज्य होतं, मी वीस वर्षांचा होतो. आईचा दहावा दिवस होता. पिंड मांडून आम्ही तासभर उन्हात उभे होतो, पण कावळा शिवत नव्हता. वडील म्हणाले, "पोरीला चांगल्या घरी देईन." काहीच नाही. मी म्हणालो, "धाकट्याला शिकवीन." कावळा भिंतीवरच बसून राहिला.

काका हळूच म्हणाले, "अरे, पन्हळीचं बोल ना. जाईपर्यंत वहिनीने तेच लावलं होतं."

बुधवारा पेठेतल्या आमच्या घराच्या पन्हळीत चिंचेचा पाला साचला होता. पावसाळा तोंडावर आला म्हणून आई रोज सांगायची. मी रोज "उद्या" म्हणायचो.

"आजच पन्हळ साफ करतो," मी तापीकडे बघत म्हणालो. कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळे रडले. मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन मी शिडी लावली, पाला काढला. काम जेमतेम अर्ध्या तासाचं होतं.