बूट फाटला

नेरची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, बंद पडली तेव्हा बाबा तिथं फिटर होते. कापसाचे ते दिवसच वाईट होते. गेटला कुलूप लागलं आणि बाबांनी पान्ह्याला हात लावणंच सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे. मला त्यांचा संताप यायचा आणि मग आपणच संतापलो म्हणून रडूही यायचं. शेवटी मामानं आपली जुनी लाल गाडी आमच्या दारात आणून लावली. "चालवा भाऊजी, नुसते बसून काय करून राह्यले?"

बाभुळगावच्या शाळेतल्या दोन मॅडम आमच्या गल्लीत राहायच्या. त्यांना रोज जाण्यायेण्याला गाडी हवी होती. उद्या सकाळी या, जमलं तर कायमचं, नाही तर जीपवाला आहेच, असं त्या सांगून गेल्या. बाबा किती दिवसांनी दाढी करून गाडी फिरवायला निघाले. चौकात वळवली तर पुढच्या चाकातून कटकट आवाज. घरी येऊन त्यांनी वाकून पाहिलं, आत आले आणि मटकन बसले.

"बूट फाटला," म्हणाले.

आई तशीच चुलीजवळून उठली, बाजेखालून त्यांचे जिनिंगमधले जाड कातडी बूट ओढले आणि पदरानं झटकून उजेडात धरले. "कुठी फाटले? चांगले तं हायेत!"

मी हसून हसून लोळले. बाबा मात्र हसले नाहीत. "अवं, गाडीचा बूट! चाकाजवळ जॉइंट असते, त्याच्यावरचं रबराचं टोपण. ते फाटलं का ग्रीस उडते, माती आत शिरते, अन् जॉइंट जाते कामातून." आईनं ते बूट तसेच दाराशी ठेवले आणि पुटपुटत चुलीकडे गेली.

नवा बूट यवतमाळला मिळाला असता. पण त्या दिवशी कापसाच्या भावासाठी बंद होता, रस्त्यावर टायर जळत होते, एसटी आगारातच. बाबा म्हणाले, "जाऊ दे. जीपवाल्याले सांगून देतो."

माझं डोकंच फिरलं. "सांगा ना! अन् या ओट्यावरच म्हातारे व्हा!" असं ओरडून मी जॅक काढला आणि गाडी उचलायला लागले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबांनी थोडा वेळ सोसलं. मग ओट्यावरूनच ओरडले, "अवं माय, पयले मागच्या चाकाले दगड लाव! मरतं का?" आणि उतरलेच खाली.

चाक काढलं. बाबांनी जॉइंटमधलं मातकट ग्रीस बोटानं उपसलं, रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, डब्याच्या तळाशी उरलेलं जिनिंगचं ग्रीस भरलं. मी माझ्या सायकलीची ट्यूब काढून कापली. आई दाभण घेऊन आली. सरकीची पोती शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं फाटकी कड टाके घालून जुळवली, आम्ही वरून पेट्रोलनं पुसून सोल्युशन लावलं, आणि ट्यूबची पट्टी तिनं पोत्याचं तोंड आवळावं तशी करकचून गुंडाळली. "आता पाह्य, कसं सुटते ते!"

बाबा गाडी घेऊन निघाले. कोपऱ्यावर वळवली आणि फट्! सगळे टाके उसवले. मी हातातला पान्हा आपटला. झालं, संपलं, असंच वाटलं मला.

आम्ही धावत कोपऱ्यावर पोचलो. बाबा खाली उतरले, चाकाशी वाकले आणि चक्क हसायला लागले. "पोत्याले वळावं लागत नाही वो," ते आईला म्हणाले, "याले लागते!"

गाडी हळूहळू दारात आणून पुन्हा चाक काढलं. मग मला आत बसवून त्यांनी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवायला लावलं. रबर ताणलं जातं तेवढं ताणू दिलं आणि आईला तसंच शिवायला सांगितलं, ढील सोडून. "एवढं सैल? मले लाज वाटते असं शिवाले," आई कुरकुरली, पण शिवलं. चाक लावून बाबांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पुन्हा वळवलं. कटकट नाही, एक टाका हलला नाही. "हप्ताभर टिकते," ते म्हणाले. "तोवर यवतमाळहून नवा आणतो." आणतो म्हणाले! मी तोंड फिरवून डोळे पुसले.

सकाळी दोघी मॅडम दारात उभ्या राहिल्या. बाबांनी चप्पल घालायला पाय पुढे केला, थांबले. आईनं ठेवलेले बूट तिथंच होते. ते उंबऱ्यावर बसले, बूट चढवले आणि लेस बांधू लागले.

"लय घट्ट नोका बांधू," आई आतून म्हणाली.